चोणकासाठी होडी: पिळगावच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

होडी घरी आली. चौदा फुटी फायबरची, मधोमध साडेतीन फूट रुंद, बूड जवळपास सपाट. वाड्यावरचे काका हिच्यातून कुर्ल्यांचे सापळे लावायचे, गुडघे धरले म्हणून सोडलं त्यांनी, तेव्हापासून फणसाखाली पालथी पडून होती. काकांनी पैसे घेतले पण अट घातली की वर्षाला एक तरी चोणक मासा त्यांच्या घरी पोचला पाहिजे. ठीक आहे म्हटलं.

कल्पना मूळची माझ्या भाच्याची. तो आणि मी दोघंही अमेरिकेतले बास नावाच्या माशाच्या फिशिंगचे व्हिडिओ बघत बसतो, त्या बोटी म्हणजे काय विचारू नका, पुढे-मागे गालिचा घातलेला डेक, फिरत्या खुर्च्या, मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि मासा किती तर दीड-दोन किलोचा. आता तो लार्जमाऊथ बास काही आमच्या गोव्याच्या मांडवी नदीत नाही. आमचा बास म्हणजे चोणक, अलिबागवाल्यांचा जिताडा, ऑस्ट्रेलियात ज्याला बॅरामंडी म्हणून डोक्यावर घेतात तोच. वागणं मात्र बरंच सारखं: झाडांच्या मुळांत, खांबाच्या आडोशाला, दगडाच्या सावलीत दबा धरून बसायचं आणि समोरून काही गेलं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं. म्हणून बासचे लुअर, म्हणजे खोटी आमिषं, चोणकाला चालतात. बासची बोट चालेल का, हा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर शोधायला ही वही.

भाच्याने पुठ्ठ्यावर नकाशा काढलाय. पुढे डेक, मागे डेक, मधे मासा जिवंत ठेवायची टाकी, दोन खुर्च्या, कपहोल्डर. काकांनी पुठ्ठा उलटासुलटा करून बघितला, म्हणाले "गालिचो घालून नुस्तें येता रे?" नुस्तें म्हणजे मासळी.

१२ ऑक्टोबर

दसरा. ग्राइंडर, ड्रिल, दोन रीळ आणि टॅकल बॉक्स पाटावर मांडून झेंडूची फुलं वाहिली. आई म्हणाली गळ पण पूजेला? शस्त्रच आहे ते, म्हटलं. काम शून्य.

१३ ऑक्टोबर

मागची फळी, म्हणजे जिच्यावर मोटर लागते ती ट्रान्सम, ठोकून बघितली तर आवाज भदभद. वरची फायबरची कातडी ग्राइंडरने कापली तर आतलं प्लाय काळं, हाताने चुरलं जाण्याइतकं कुजलेलं, मुठीत धरून दाबलं तर पाणी निघत होतं. जुनी होडी घेणाऱ्याने आधी ट्रान्सम ठोकावी, बाकी रंगबिंग नंतर बघावा. सगळं खरवडून काढायला दिवस गेला आणि अंगाला फायबरची जी खाज सुटते ती तिसऱ्या आंघोळीलाही जात नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट, चष्मा आणि चांगला मास्क, ह्याच्यात कंजुसी करू नका, साधा रुमाल बांधून ग्राइंडर चालवणारे बघितले की मला राग येतो.

नवीन प्लाय बारा एमएमचे दोन थर एकमेकांना चिकटवून. मरीन प्लाय घेतलंय, आयएस ७१० छापलेलं. डिचोलीतल्या दुकानात "वॉटरप्रूफ" म्हणून दुसरं स्वस्तातलं दाखवत होते, ते किचनच्या ओट्याखाली ठीक.

२० ऑक्टोबर

परतीचा पाऊस रोज संध्याकाळी हजर. गोठ्याच्या पत्र्याखाली काम चालू. आज रेझिनचा दिवस, आणि ह्याबद्दल जरा सविस्तर लिहून ठेवतो कारण भाचा पुढच्या वेळी एकटाच करणार म्हणतोय.

आपल्याकडे होड्यांना साधं पॉलिएस्टर रेझिन वापरतात. त्याच्याबरोबर दोन बाटल्या येतात, एक जांभळट रंगाची कोबाल्ट आणि एक पाण्यासारखी दिसणारी कॅटलिस्ट, ज्याला दुकानदार हार्डनर म्हणतात. ह्या दोन बाटल्या एकमेकांत कधीही, चुकूनही, थेंबभरसुद्धा थेट मिसळायच्या नाहीत, भडका उडतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून नीट घोटायचा, मग वेगळ्या काडीने कॅटलिस्ट. हल्ली बरंचसं रेझिन कोबाल्ट घालूनच येतं, ते दुकानात विचारून घ्यायचं. कॅटलिस्ट मी किलोला पंधरा मिलीच्या आसपास ठेवला, कडक ऊन असेल तर त्याहून कमी. जास्त टाकला की डबा हातातच तापतो, धूर येतो आणि रेझिनची वीट होते. म्हणून अर्ध्या अर्ध्या किलोचेच घाणे काढले, ते पण पसरट ट्रेमध्ये, खोल डब्यात उष्णता साठून राहते.

थर असे: प्लायच्या दोन्ही बाजूंना पातळ रेझिन पाजलं, मग ४५० ग्रॅमची काचतंतूंची मॅट, मग विणलेलं रोव्हिंग (जाड काचधाग्यांचं कापड), परत मॅट. रोलरने हवा काढायची, पांढरे डाग दिसले की तिथे हवा अडकलीय असं समजायचं.

भाच्याने टीव्हीच्या खोक्यातलं थर्माकोल तरंगण्यासाठी सीटखाली भरायचं म्हणून जमवून ठेवलं होतं. एका तुकड्यावर रेझिन ओतून दाखवलं त्याला, रेझिनमधल्या स्टायरीनने दोन मिनिटांत त्याचा चिकट रस केला. बराच वेळ तो ते बघत बसला होता, मग उरलेल्या तुकड्यांवर पण ओतून झालं.

२७ ऑक्टोबर

ट्रान्सम टणक झालीय पण वरून चिकट. हे असंच असतं, ह्या रेझिनचा वरचा पापुद्रा हवा लागली की पूर्ण वाळत नाही, शिवाय दमट हवा. शेवटच्या थरात मेण घातलेलं रेझिन वापरलं की मेण वर तरंगून हवा तोडतं आणि कोरडं होतं. ते आणून मारलं. सोमवारी नखाने ओरखडा उठला नाही, झालं.

३ नोव्हेंबर

नरकासुर जाळून झाले, फराळ संपत आला, डेकचा निकाल लावला. भाचा आणि मी होडी तळीत उतरवली आणि मधे प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून त्याच्यावर उभं राहून गळ फेकायची नक्कल करून बघितली. साडेतीन फुटी होडीत माणूस बुडावर उभा राहिला तर चालतं, फूटभर वर चढला की होडी त्याच्याशी भांडायला लागते. बासच्या बोटी रुंदीला सात-आठ फूट असतात, त्यांना उंच डेक परवडतो. आपल्याला नाही. तेव्हा उंच डेक रद्द, खुर्च्या रद्द, टाकी रद्द (शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, आणि तेही डुचमळणारं). पायाखाली चपट्या पट्ट्यांची जाळी, तिच्यावर खरखरीत रंग, बस.

पुढच्या आणि मागच्या बाकड्याखाली बंद खोके करून त्यात दोन भागांचा पीयू फोम ओतला. दोन्ही मिळून शंभर लिटर धरले तर होडी पाण्याने पूर्ण भरली तरी नव्वद-पंच्याण्णव किलो उचल राहते, म्हणजे बॅटरी, मोटर आणि होडीचं स्वतःचं पाण्यातलं वजन पेलून ती तरंगत राहील आणि आपण तिला धरून. ओतलेला फोम फुगतो, झाकण आधीच गच्च स्क्रू केलं तर खोकं फाटतं, वर भोकं ठेवायची आणि बाहेर आलेलं नंतर करवतीने कापायचं.

१० नोव्हेंबर

मोटर आली. इलेक्ट्रिक ट्रोलिंग मोटर, बारा व्होल्टची, ५५ पाउंड थ्रस्टची. पाउंड म्हणजे ढकलण्याचा जोर, हॉर्सपॉवर नव्हे. फुल्ल स्पीडला पन्नास अँपिअर ओढते, म्हणजे साडेसहाशे वॉटच्या आत, एक हॉर्सपॉवरसुद्धा नाही. भाच्याचं तोंड उतरलं. पण पेट्रोल इंजिन मला नकोच होतं: आवाज, वास, आणि कांदळाच्या मुळांत पंखा अडकला की दोर ओढत बसायचं.

बॅटरी शंभर अँपिअर अवरची लिथियम फेरो फॉस्फेट. तेवढ्याच क्षमतेची शिसाची बॅटरी तीसेक किलो भरते, ही बारा. महाग आहे, खोटं कशाला बोला, मोटरपेक्षा बॅटरीला जास्त गेले. पण शिसाची अर्ध्यापर्यंतच वापरावी लागते नाहीतर लवकर मरते, ही जवळपास पूर्ण वापरता येते, आणि छोट्या होडीत अठरा किलो म्हणजे खूप.

वजन पुढे हवं म्हणून बॅटरी पुढच्या बाकड्यापाशी, मोटर मागे, त्यामुळे वायर चार मीटर जाणार आणि चार मीटर परत येणार. इलेक्ट्रिशियन मित्राने चार स्क्वेअरची वायर आणून दिली होती, घरातल्या गीझरला असते ती. हिशेब केला: पन्नास अँपिअरला तिच्यात पावणेदोन व्होल्टच्या वर वाटेतच जातात आणि वायर तापते ते वेगळं. सोळा स्क्वेअरची घेतली, तिच्यात अर्धा व्होल्ट सुद्धा जात नाही. बॅटरीपासून वीतभर अंतरावर साठ अँपिअरचा ब्रेकर. टोकांना कथिल चढवलेल्या लग, त्यावर हीट श्रिंक, वरून ग्रीस. खारं पाणी तांब्याला हिरवं करून खातं, दोन महिन्यांत.

मोटरच्या पंख्यामागे झिंकचा ॲनोड आहे का ते बघून घ्या. खाऱ्या पाण्यात आधी तो झिजतो आणि बाकीचं धातू वाचतं. आमच्या मोटरला नव्हता, गोड्या पाण्याचं मॉडेल, म्हणून वेगळा मागवून लावला.

होडी नावावर करून घ्यायची आणि मोटर लावल्याची नोंद, दोन्ही कागद एकदमच दिले. मोटर लागली की नियम बदलतात, आधी विचारलेलं बरं.

१७ नोव्हेंबर

पाण्यात! पुनव होऊन दोन दिवस, म्हणजे पाणी अजून उधाणाचं. काकांचं भरतीचं गणित: तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहा, अमावास्या-पुनवेला सव्वाअकरा. हे गणित मुंबईकडे नेमकं बसतं, मुरगावला भरती त्याच्या थोडी आधी येते, पण पिळगावपर्यंत नदीतून वर चढायला तिला वेळ लागतो म्हणून आमच्याकडे हिशेब परत जवळपास तिथेच येतो. आज द्वितीया, दीड वाजता. बरोबर निघालं, फोनमधल्या ॲपपेक्षा बरोबर, कारण ॲप मुरगाव बंदराची वेळ दाखवतं.

शांत पाण्यात फुल्ल स्पीडला फोनच्या जीपीएसवर साडेपाच किलोमीटर. अर्ध्या स्पीडला साडेतीन-चार, आणि तेव्हा मोटर वीसेक अँपिअरच ओढते. म्हणजे फुल्लवर दोन तास नाहीत, अर्ध्यावर चार-पाच तास. वेगात फरक थोडा, बॅटरीत फरक प्रचंड.

दोन वाजून गेल्यावर सुकती, म्हणजे ओहोटी, लागली आणि सारमानसच्या फेरीधक्क्याच्या अलीकडे मुख्य मांडवीत आलो तर पाणी तासाला तीन किलोमीटरच्या वर धावत होतं. तोंड वर करून फुल्ल स्पीड दिला, काठावरचा माड जेमतेम मागे सरकत होता. आता इथे पेट्रोल इंजिनवाला हसेल, पण काकांनी निघताना सांगितलंच होतं, "उदकाक आड वचूं नाका." सुकतीबरोबर खाली जायचं, भरतीबरोबर वर यायचं, मोटर फक्त आडवं सरकायला आणि जागेवर टिकायला. तळ्यातल्या बासवाल्याला हवं तेव्हा हवं तिथे जाता येतं, आम्हाला भरती-सुकतीच्या वेळापत्रकाने. उधाणाला इथे पाणी दोन मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, दिवसातून दोनदा, आणि हे इंजिन फुकट आहे.

एक बार्ज गेला, रिकामा. त्याच्या लाटेला होडीचं नाक सरळ दिलं, आडवी ठेवली असती तर आत पाणी आलं असतं. लाइफ जॅकेट अंगात, बाकड्याखाली नव्हे, हा एकच नियम मी भाच्याला ओरडून सांगतो.

२४ नोव्हेंबर

भांगाचं पाणी (उधाणाच्या उलट, भरती-सुकती कमी), मेलेलं. काही नाही. एक काळुंद्र (पर्लस्पॉट मासा) लुअरला शेपटीकडून अडकलं, सोडलं.

२८ नोव्हेंबर

रात्री बसून गिअर लावलं. लिहून ठेवतो.

रॉड सात फुटी, मिडियम हेवी, सात ते अठ्ठावीस ग्रॅमचे लुअर फेकणारी. रीळ ४००० साइजचं स्पिनिंग. बासवाले बेटकास्टर वापरतात, मुळांत नेम धरून फेकायला ते भारी आहे, मान्य, पण वाऱ्यात आणि अंधारात गुंता सोडवत बसायची माझी तयारी नाही. लाईन आठ पदरी ब्रेडेड, पीई २, म्हणजे साधारण तीस पाउंडची.

मुख्य गोष्ट लीडर, म्हणजे लाईन आणि लुअर यांच्यामधला जाड तुकडा. चोणकाला टोकदार सुळे नसतात, तोंड आतून खरखरीत कानशीसारखं, पण त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड म्हणजे पातं. उडी मारून मान झटकतो तेव्हा लाईन त्या कडेवरून गेली की संपलं. म्हणून पन्नास पाउंडचा फ्लुओरोकार्बन, दीड हातभर, एफजी गाठीने ब्रेडला जोडलेला. ही गाठ घरी, दिव्याखाली, चहा घेत बांधायची, हलत्या होडीत नाही. लुअरला मात्र लूपची गाठ, म्हणजे तो मोकळा हलतो.

लुअर: दहा-बारा सेंटिमीटरचे दोन-तीन हार्ड बॉडी जे मीटर-दीड मीटर खाली जातात (रापाला कंपनीचे आहेत, आणि एक ऑस्ट्रेलियन), आणि चार इंची सॉफ्ट प्लॅस्टिक, दहा ग्रॅमच्या जिगहेडवर (डोक्याशी वजन असलेला हुक). बासच्या पाकिटातले प्लॅस्टिक मासे उत्तम चालतात, त्यांचे हुक नाही. एवढंच बघा: बासचा जागतिक विक्रम दहा किलोच्या आसपास अडकलाय, १९३२ साली अमेरिकेत आणि मग २००९ साली जपानच्या बिवा तलावात त्याची बरोबरी झाली, आणि गळाला लागलेल्या बॅरामंडीचा विक्रम चव्वेचाळीस किलोच्या वर, ऑस्ट्रेलियातल्या मंडुरान तलावातला, २०१०चा. आपल्याला चव्वेचाळीस किलोचा लागणार नाही हे माहितीय, पण तीन किलोचा तामसो (तांबोशी) मुळांत शिरायला लागला की बासचा बारीक तारेचा हुक उघडून सरळ होतो. सगळे ट्रेबल (तीन टोकांचे हुक) काढून जाड सिंगल हुक लावले. अडकायचं कमी झालं, मासा सोडवताना बोटं वाचतात.

१ डिसेंबर

अमावास्या, रविवार. दुपारपर्यंत भरती, मग संध्याकाळपर्यंत सुकती. हेच हवं होतं.

भरती असते तेव्हा बारकी सुंगटं (कोळंबी), शेवटे (बोय मासे), सगळं कांदळाच्या मुळांत आत शिरलेलं असतं, चोणकही त्यांच्यामागे कुठेतरी आत, तिथे लुअर पोचत नाही. सुकतीला तीन-साडेतीन वाजता मुळं उघडी पडायला लागतात, आतलं पाणी छोट्या छोट्या ओहोळांनी बाहेर येतं आणि बारकी मासळी त्या पाण्याबरोबर बाहेर यायला भाग पडते. चोणक त्या ओहोळाच्या तोंडाशी उभा राहतो. म्हणजे शोधायचा मासा नाही, ओहोळ.

होडी तिथे थांबवायची कशी? अमेरिकेत बोटीच्या मागे हायड्रॉलिक खांब मिळतात, बटण दाबलं की खाली चिखलात रुततात. काकांनी दिलेला बारा फुटी बांबू, खाली अणकुची, तेच काम करतो, बटण नाही एवढंच. मागच्या कडीतून बांबू खाली खुपसला, होडी शांत उभी, आवाज नाही. नांगर टाकला असता तर साखळीचा खडखडाट आणि वर काढताना अर्धी नदी होडीत.

भाच्याने ओहोळाच्या वरच्या अंगाला फेकलं, पाण्याबरोबर लुअर वाहू दिला, दोन झटके, थांब. थांबल्यावर "भॉप" असा आवाज, तो आवाज एकदा ऐकला की झोपेतही ओळखता येतो. मासा पहिल्यांदा मुळांकडे वळला, मी बांबू उपटला आणि मोटरने होडी उलटी ओढून त्याला मोकळ्या पाण्यात आणलं. ह्या एका क्षणासाठी मोटर घेतली असं म्हटलं तरी चालेल. दोन उड्या मारल्या. बासष्ट सेंटिमीटर.

हा ठेवला, काकांचा करार. अर्धा त्यांच्याकडे, अर्धा घरी, रव्यात तळलेला आणि डोक्याचं हुमण तिरफळ घालून. लीडरवर कल्ल्याचा ओरखडा होता, खालचा हातभर कापून टाकला.

१४ डिसेंबर

दत्तजयंती, साखळीला. मासे, होडी, दोन्ही बंद. भाच्याने देवळाबाहेर रांगेत फिश फाइंडरचा विषय काढला.

२२ डिसेंबर

मानशीबद्दल. खाजनाच्या, म्हणजे खाडीलगतच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला जिथे मानस (पाणी आत-बाहेर सोडायचं दार) असते तिथे सुकतीला पाणी जोराने बाहेर पडतं आणि चोणक तिथे हमखास असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण मानशीवरची मासळी दरवर्षी पावणीत (लिलावात) जाते, ज्याने पैसे भरले त्याची ती. आपण हौसेचे लोक, तिथे जाऊन लुअर फेकायचा नाही, अगदी कोणी बघत नसलं तरी. ज्याच्याकडे ह्या वर्षीची पावणी आहे त्याला विचारलं, तो म्हणाला जाळं नसेल त्या दिवशी बांधाच्या बाहेरून ये, लहान मासे सोड. भला माणूस. तसंच काटाळी लावलेली दिसली की लांबून जायचं, मोटर वर उचलून, पंख्याने कोणाचं जाळं फाटलं तर त्याचं पोट आहे त्याच्यावर. चोडणच्या टोकाला पक्षी अभयारण्य आहे, तिकडे वळायचंच नाही.

२९ जानेवारी २०२५

पौष अमावास्या. आज काही खाजन गावांत चिखलाचा मानगो (मगर) करून, शिंपले खोवून त्याची पूजा करतात. कुंभारजुवेच्या कालव्यात आणि आमच्या बाजूला नार्वेकडे मगरी आहेत, खऱ्या, मी चिखलावर ऊन खात पडलेली बघितलीय, होडीच्या दोन-तृतीयांश लांबीची. बांध शाबूत ठेवणाऱ्या लोकांनी त्यांच्याशी जुळवून घेतलंय, आम्हीही घेतो: पाण्यात हात लोंबकळत सोडायचा नाही, लुअर अडकला तर चिखलात उतरायचं नाही, तोडून टाकायचा, आणि मासा होडीत साफ करून आतडी शेजारी फेकायची नाहीत. ऑस्ट्रेलियावाले बॅरामंडी धरताना मगरींना घाबरतात, त्यांची खाऱ्या पाण्यातली, माणसं खाणारी जात, आपली मगर त्या मानाने सोशिक. म्हणून तिची परीक्षा बघू नये.

१६ फेब्रुवारी

मोठा लागला. मी. पट्टीवर ९१ सेंटिमीटर. वजन केलं नाही, उचलून फोटोसाठी उभा धरला की एवढ्या मोठ्या माशाचा जबडा आणि पोट दोन्ही ताणतं. ओली केलेली मांडी, एक हात पोटाखाली, एक फोटो, पाण्यात.

भाचा चिडला, एवढा मोठा सोडलास? आता हे समजून घ्यायला हवं: चोणक आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे नव्वदीतला चोणक बहुतेक मादीच, आणि पावसाळ्यात नदीच्या तोंडाशी जाऊन लाखोंनी अंडी देणारी तीच. छोटे सगळे सोडले आणि मोठे सगळे खाल्ले तर नदीत नरांचीच सभा उरेल. म्हणून आमचा नियम, पन्नासच्या खालचा सोडायचा, ऐंशीच्या वरचा सोडायचा, मधला घरच्या भूकेपुरता एक. सरकारी नियम नाही हा, आमचा. काकांना सांगितलं तर ते गप्प राहिले, मग म्हणाले बाजारात चोणक आता पिंजऱ्यातलेच जास्त येतात. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही.

सोडताना पाण्याच्या दिशेला तोंड करून धरला, शेपटीने स्वतः धक्का देईपर्यंत. ढकलायचा नाही.

१६ मार्च

शिगम्याचे ढोल चालू, रात्रभर जागरण, होडीवर दुरुस्तीच फक्त. ॲनोड अर्धा झिजलाय, म्हणजे काम करतोय. एका लगवर हिरवं आलं होतं, कापून नवीन. पायाखालच्या जाळीची एक पट्टी सुटली. रिळाच्या हँडलचं बेअरिंग कुरकुरतंय, प्रत्येक वेळी गोड्या पाण्याने धुवूनही. नळाखाली जोरात धरायचं नाही, त्याने मीठ आत जातं, हलका शिडकावा आणि ओलं फडकं.

२२ मे

ह्या वर्षी पाऊस मे संपायच्या आधीच कोसळतोय, दोन दिवस झाले. नदीला लाल पाणी सुरू, ओंडके वाहत येतायत. होडी काढली. सहा जण आणि दोन वासे, फणसाखाली पालथी, खाली विटा, म्हणजे हवा खेळेल.

बॅटरी अर्धी चार्ज ठेवून घरात, पूर्ण भरून महिनोन्महिने ठेवायची नाही. मोटरचा पंखा काढला, मागे गळाची नायलॉन दोरी गुंडाळलेली निघाली, तिने सील कापलं असतं. लाईन उलटी फिरवून रिळावर घेतली, वापरलेलं टोक आत, कोरं बाहेर, म्हणजे एक मोसम अजून निघेल.

पुढच्या मोसमाची यादी: मागच्या बाकड्याला पाठ नाही, माझी दुखते, तिथे पट्टा. बांबूसाठी दुसरी कडी पुढे. मोटर वर उचलायला दोरी. फिश फाइंडर नाही, दोन मीटर पाण्यात तो काय दाखवणार, ओहोळ डोळ्यांनी दिसतात. भाच्याने ट्रान्समवर ट्रान्सड्युसरच्या (फिश फाइंडरच्या सेन्सरच्या) स्क्रूंच्या जागी मार्करने चार ठिपके आधीच मारून ठेवलेत, होडी पालथी घालताना दिसले.